ओळख काढणे (ग्रामीण विदर्भ)

ओळख काढणे : समोरच्या अनोळखी माणसाला त्याचे गाव, घर, कूळ आणि सोयरे विचारत जाऊन त्याच्याशी आपले एखादे जुने नाते, निदान दोघांच्या माहितीतला एखादा माणूस, शोधून काढण्याची रीत. महाराष्ट्रात ती सगळीकडेच आहे. प्रस्तुत नोंद ग्रामीण विदर्भापुरती, म्हणजे अमरावती व नागपूर या दोन महसुली विभागांतील ११ जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांपुरती आहे. छापील मराठीत परिचय ‘दिला’ जातो किंवा ‘करून दिला’ जातो. गावात ओळख ‘निघते’. परिचय घरून तयार करून आणता येतो. ओळख दोघांनी मिळून खणायची असते आणि पाणी कुठे लागेल हे दोघांनाही आधी ठाऊक नसते. या रीतीतली सगळी गोडी तिथेच आहे.

स्वरूप : पहिला प्रश्न नावाचा नसतो. वऱ्हाडात “कोन्या गावचे हो भाऊ?”, झाडीपट्टीत म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे “कोन्या गावचे जी?” लहान पोराला गाव विचारत नाहीत. त्याला थेट “कोनाचा पोट्टा होय बे तू?” असे विचारतात, आणि पोराने बापाचे नाव सांगायचे असते. शाळेत शिकवल्याप्रमाणे त्याने स्वतःचे नाव सांगितलेच, तर ओसरीवरचा म्हातारा हसतो : “तुह्यं नाव कोन इचारलं? बापाचं सांग.”

मोठ्या माणसांत बोलणे कसे सरकते याचा एक मासला. स्थळ अमरावतीचे बसस्थानक, गाडीला उशीर, एकाच बाकड्यावर दोघे.

“कोन्या गावचे हो भाऊ?”
“चांदूरचा.”
“कोनतं चांदूर? बाजार का रेल्वे?”
“बाजार. पन आमी मूळचे तिथले नाही. आजा शिरजगावून आलता.”
“कसबा का बंड?”
“कसबा.”
“असं! तिथं माह्या मोठ्या मायच्या बहिनीचं घर हाये. मारोतीच्या देवळाच्या मांगं.”
“मांगं नाही, डाव्या आंगानं. कवलाचं घर. ते आमच्या बाबाचे मामेभाऊ होत.”
“हात् बाप्पा! मंग तं तुमी सोयरेच निंघाले!”

इथवर एकानेही दुसऱ्याचे नाव विचारलेले नाही. त्याआधीच चुन्याची डबी पुढे आलेली असते आणि पिशवी मांडीवर घेऊन जागा करून दिलेली असते. नाव पुढे केव्हातरी निघते, कधी गाडी सुटता सुटता खिडकीतून विचारले जाते, कधी निघतही नाही. घरी गेल्यावर बायकोला सांगताना “शिरजगाववाल्याईचा भाचा भेटला होता” एवढे पुरते.

या संवादातले “मांगं नाही, डाव्या आंगानं” हे वाक्य दिसते तेवढे साधे नाही. जाणता माणूस कित्येकदा मुद्दाम एखादा तपशील थोडा चुकवून सांगतो. खरा नातलग तो लगेच दुरुस्त करतो, उगाच मान हलवणारा पकडला जातो. ओळखपत्र पाहण्याची ही जुनी तऱ्हा, आणि तिच्यात अपमान कोणाचाच होत नाही.

धागा लागला नाही तर बोलणे तुटत नाही, फक्त खाली उतरते. “तिकडं पानी कसं हाये?” हा पुढचा प्रश्न. मग पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन, पूर्वेकडचा असेल तर धान. वावर ओलिताचे की कोरडवाहू. यातूनही माणूस बराच कळतो, पण त्याला कोणी ओळख म्हणत नाही.

धागा लागल्यावर मात्र काही गोष्टी गळ्यात पडतात. चहा पाजावा लागतो, घरी यायचे आवतण द्यावे लागते, पुढे त्या घरच्या लग्नाला किंवा तेरवीला, म्हणजे तेराव्याला, जावे लागते. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा चाललेला असताना सोयरीक निघाली, तर भाव ताणता येत नाही. म्हणून पक्के दलाल गिऱ्हाइकाला गाव विचारायचे टाळतात, आणि पक्के गिऱ्हाईक आपले गाव आधीच सांगून टाकते.

गावाचे नाव : गाव सांगितले की काम भागले, असे विदर्भात होत नाही, कारण एका नावाची गावे पुष्कळ. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे हे दोन स्वतंत्र तालुके आहेत. नांदगाव खंडेश्वर वेगळे, नांदगाव पेठ वेगळे. मंगरूळ दस्तगीर अमरावतीत, मंगरूळपीर वाशीमला. तळेगाव दशासर अमरावतीत, तळेगाव श्यामजीपंत वर्धा जिल्ह्यात. पिंपळगावांपुढे काळे आणि राजा, धामणगावांपुढे रेल्वे, गढी आणि बढे. या शेपटांत गावचा इतिहास अडकलेला असतो : कुठे पीर, कुठे जुना वतनदार, कुठे बाजारपेठ, कुठे इंग्रजांच्या काळात आलेला रूळ. जिथे असे काही नव्हते, तिथे बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे, यांवर भागवले गेले. लिहिताना त्यांचे ‘बु.’ आणि ‘खु.’ होते, आणि या एका अक्षराने घात होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या एका तेरवीच्या पत्रिकेत छापखान्यात ‘बु.’चे ‘खु.’ झाले. अर्धे पाहुणे नदीपलीकडच्या गावात जाऊन बसले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना जेवू घालूनच परत पाठवले.

पत्रावरचा पत्ता हीसुद्धा ओळखच. मु., पो., ता., जि. अशी ती लहानाकडून मोठ्याकडे जाते. १५ ऑगस्ट १९७२ पासून तिच्या शेवटी पिनकोड लागला. विदर्भाचे सगळे पिनकोड ४४ ने सुरू होतात : ४४४ म्हटले की अकोला, अमरावती, वाशीम, ४४३ बहुतेक बुलडाणा, ४४५ यवतमाळ, ४४२ वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली. मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ टाकणारी गावची पोरेसुद्धा “राम राम मंडळी” म्हटल्यावर आधी नाव आणि मग गाव, तालुका, जिल्हा याच क्रमाने बोलतात. कॅमेऱ्यासमोरही पाकीट लिहिण्याची सवय सुटत नाही.

महसुली कागदांत काही गावांपुढे ‘रिठी’ असा शब्द असतो. रीठ म्हणजे उजाड झालेले गाव. साथीने, दुष्काळाने किंवा पाणी आटल्याने वस्ती उठली, पण मौजा कागदावर राहिला, त्याची शेते राहिली, कधी एखादा मारोती राहिला. अशा गावावरून पडलेले आडनाव लावणारे लोक आजूबाजूला भेटतात. “तुमचं गाव कोणतं?” या प्रश्नाला त्यांची दोन उत्तरे असतात, एक राहते आणि एक उठलेले. धरणांनी आणि व्याघ्रप्रकल्पाने अशा दुहेरी उत्तरांत भर घातली. वैनगंगेवरच्या गोसेखुर्दमुळे उठलेली भंडारा-नागपूरकडची गावे, मेळघाटातून बाहेर आणून वसवलेली गावे, यांच्या नव्या वस्त्यांची नावे बहुधा जुनीच ठेवली गेली. तरी त्या वस्तीतला म्हातारा आपले घर सांगताना “जुन्या गावात आमचं घर चिचेजवळ होतं” असेच सांगतो. चिंच पाण्याखाली आहे. पत्ता म्हणून ती अजून चालते.

आडनाव : गावानंतरचा प्रश्न आडनावाचा. गावावरून पडलेली ‘कर’ शेवटाची आडनावे विदर्भात आहेतच. चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळच्या काही भागांत ‘वार’ शेवटाची आडनावे भेटतात. तो ‘वार’ तेलुगूतल्या आदरार्थी ‘वारु’चा अवशेष. १९६२ मध्ये मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. एवढ्या एका प्रत्ययावरून वऱ्हाडातला माणूस समोरच्याला पूर्वेकडचा म्हणून ओळखतो. देशमुख, देशपांडे, पाटील, चौधरी ही पदावरून आलेली. नागपूर प्रांताकडच्या मालगुजारांची, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनदारांची, मालगुजारी १९५१ मध्ये कायद्याने गेली, तरी ‘मालगुजाराच्या घरचे’ ही ओळख उरली. पूर्व विदर्भातल्या त्यांच्या तलावांना सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलताना नुसते ‘मामा तलाव’. नव्या माणसाला वाटते, कोणाच्या तरी मामाचे.

पण आडनाव विचारण्यामागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो, हे या नोंदीत न सांगणे खोटेपणाचे होईल. तो प्रश्न जातीचा असतो. विदर्भात राऊत, वानखडे, शेंडे अशी आडनावे अनेक जातींत असल्याने विचारणाऱ्याचे आडनावावर समाधान होत नाही. मग “कोणत्या वानखड्यांपैकी?”, मग “घर गावात कोण्या आंगाला?” असे करत तो हव्या त्या ठिकाणी पोहोचतो. कुणब्यांतही तिरळे, झाडे, खैरे, धनोजे, बावणे अशी पोटविचारणा पुढे चालू राहते. हीच गोड वाटणारी प्रश्नमालिका एखाद्याला चहाचा कप देते, आणि तालुक्याच्या गावी शिकायला आलेल्या दुसऱ्या एखाद्याला भाड्याची खोली नाकारते. खोली नाकारताना कारण कोणी सांगत नाही, नुसते “मालक बाहेरगावी गेले” असे कळते.

या विचारणेला सर्वांत नेमके उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनी शोधले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर खेड्यापाड्यांत नावांची चालच बदलली. पोर जगावे, दृष्ट लागू नये म्हणून कचरू, धोंडू, उकर्डा अशी नावे ठेवण्याचा प्रघात विदर्भात अनेक जातींत होता; बौद्ध घरांत त्या जागी सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता आले. आणि प्रश्न विचारला जाण्याआधीच “जय भीम” म्हटले की खणायला काही उरत नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे लोक “जय गुरुदेव” म्हणतात, गोंड “जय सेवा”. अभिवादनात ओळख आधीच सांगून टाकण्याची ही पद्धत बसस्थानकावरच्या खणण्याच्या अगदी उलट आहे.

बायकांची ओळख : बाईला आधी माहेर विचारतात. सासरी ती गावाच्या नावाने ओळखली जाते : दर्यापूरवाली, मोर्शीवाली, कारंजेवाली. एका घरात तीन जावा असल्या तर तीन तालुक्यांचा नकाशा एका चुलीपाशी बसलेला असतो. लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिण्याची चाल अनेक घरांत होती. तेव्हा शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि हाक मारायला तिसरे. नवऱ्याचे नाव घेणे वर्ज्य, म्हणून ते उखाण्यातच घ्यायचे. ‘अमक्याची लेक, तमक्याची सून’ या उखाण्यांतल्या ठरलेल्या बांधणीत एक बाई आपली सगळी ओळख सांगते, फक्त स्वतःचे नाव सोडून. आता बँकेच्या खात्यावर कमला आणि सातबाऱ्यावर कमलाबाई एवढ्या फरकाने अनुदान अडते, तेव्हा या तीन नावांचा हिशेब तिला खिडकीपाशी उभे राहून द्यावा लागतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. ओसरीवरच्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात अजून फक्त बापच आहे.

हातावरच्या गोंदणालाही यात जागा आहे. जुन्या बायकांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला भावाचे किंवा धन्याचे नाव हिरवट शाईत दिसते. जत्रेत यंत्राने गोंदणारा जसे ऐकू आले तसे लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मर्जीवर. ज्या बाईला वाचता येत नाही, तिच्या हातावर चुकलेली वेलांटी पन्नास वर्षे राहते, आणि नात शाळेत जाऊ लागल्यावर ती चूक पहिल्यांदा उघडकीस येते.

ओळख सांभाळणारे : काही समाजांत ही माहिती जपण्याचे काम ठरावीक लोकांकडे होते. भंडारा-गोंदियाकडच्या पोवारांकडे भाट वंशावळीच्या पोथ्या घेऊन येत, वाचून दाखवत, नव्या जन्मलेल्यांची नावे चढवत आणि दक्षिणा घेऊन जात. गोंडांच्या कुळांच्या कथा परधान गात आले. गोंडांत गावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न “किती देवांचे?” हा आहे. चार, पाच, सहा किंवा सात देवांचे असे गट आहेत, आणि एकाच गटातले लोक भाऊबंद मानले जात असल्याने त्यांच्यात लग्न होत नाही. इतर लोक नाते निघावे म्हणून विचारतात. इथे सोयरीक जुळायची असेल तर नाते निघू नये अशी इच्छा असते.

परिचय मेळावा आणि पुस्तिका : दिवाळीनंतर लग्नसराईच्या तोंडावर नागपूर, अमरावती, अकोला आणि तालुक्याच्या गावी जातवार उपवर-वधू परिचय मेळावे भरतात. मंगल कार्यालय, माईक, रांगेत उभी पोरे-पोरी. प्रत्येकाला मिनिट-दीड मिनिट. यात ओळख पुन्हा परिचय होते, म्हणजे घरून पाठ करून आणलेली. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा, आभार. ऐकणारे माना खाली घालून पुस्तिका चाळत असतात, कारण खरा मजकूर तिथे आहे.

ही पुस्तिका वाचायची कला आहे. तरुण मंडळी फोटो पाहतात, वडीलधारी मंडळी शेवटच्या दोन ओळी. तिथे ‘मामेकुळ’ आणि ‘आप्तसंबंध’ असतात : एका ओळीत पाच-सात आडनावे, त्यांपुढे गावे. ‘शेती : ५ एकर ओलीत’ यातला ‘ओलीत’ हा शब्द पाच या आकड्यापेक्षा वजनदार. ‘निर्व्यसनी’ जवळपास सगळेच असतात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. ज्याने लिहिले नाही त्याच्याकडे मात्र लक्ष जाते. ‘अपेक्षा’ या रकान्यात मुलींकडून ‘नोकरीवाला’ आणि शेतकरी मुलांकडून ‘अनुरूप’ हा शब्द वारंवार येतो, आणि या दोन शब्दांमध्ये कोरडवाहू विदर्भाची सारी अडचण उभी असते. लग्न जमून वर्षे लोटली तरी पुस्तिका टाकून देत नाहीत. दुपारी आडवे पडल्यावर आजोबा ती पुन्हा उघडतात. कोणाचे लग्न जमवायचे नसते. ‘आप्तसंबंध’ वाचता वाचता “अरे, हे तं आपल्या सुलीच्या दिराचे व्याही” असे काही निघाले की दुपार कारणी लागते. अनोळखी माणसाने स्वतःविषयी लिहिलेले दहा ओळींचे टिपण वाचत राहावेसे का वाटते, त्याचे उत्तर या बाजेवर मिळते : त्यात कुठेतरी आपण सापडू अशी आशा असते.

लग्नपत्रिकेतही हेच, फक्त रागावण्याची सोय अधिक. ‘आपले विनीत’मध्ये कोणाचे नाव वर, कोणाचे राहिले, यावरून भाऊबंदकी होते. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या माणसापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो अधिक असतात. तेरवीच्या पत्रिकेत शेवटची यादी येते : मुले, सुना, मुली, जावई, नातवंडे. नाव विचारायला जे आयुष्यभर विसरले, त्यांनाही गेलेल्या म्हातारीचे खरे नाव तिथेच पहिल्यांदा कळते.

संत आणि ओळख : “कोन्या गावचे?” विचारणाऱ्या या मुलखाने ज्यांना सर्वाधिक मानले, त्यांची या प्रश्नाला दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, मूळचे माणिक बंडोजी इंगळे. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ केले, आणि भजनाच्या शेवटी येणाऱ्या ‘तुकड्यादास’ या नाममुद्रेने ते गावोगाव पोहोचले. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. १९०५ मध्ये घर सोडल्यावर ते हातातल्या गाडग्यावरून आणि अंगावरच्या चिंध्यांवरून ओळखले जाऊ लागले. कोणी गाडगेबाबा म्हणाले, कोणी चिंधेबाबा, कोणी गोधडे महाराज. गाव झाडून झाले की लोकांना समजे कोण आले होते.

आणि शेगावचे गजानन महाराज. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, तारीख योगायोगाने तीच, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचताना ते बंकटलाल अग्रवाल यांच्या दृष्टीस पडले. ते कोणत्या गावचे, कोणाचे, हे तेव्हा कळले नाही आणि ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेईपर्यंतही कळले नाही. नावही लोकांनीच दिले, त्यांच्या मुखी सतत असलेल्या ‘गण गण गणात बोते’वरून. त्यांच्या भक्तांना दिवस ठाऊक आहे, घर ठाऊक आहे, पत्रावळी ठाऊक आहेत. गावाची जागा कोरी आहे आणि ती कोणाला खटकत नाही. समाधीच्या दर्शनाची रांग वळणावळणाने पुढे सरकत असते. बॅरिकेडच्या अलीकडचा पलीकडच्याला विचारतो : “कोन्या गावचे हो भाऊ?”